रक्त अर्ध्यावर थांबतं तेव्हा

अक्यूट ल्युकेमियाचं, म्हणजे झपाट्यानं वाढणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचं निदान होतं, तेव्हा घरच्यांच्या हातात पहिला कागद असतो तो सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा. हिमोग्लोबिन ६.८, पांढऱ्या पेशी ८२ हजार, प्लेटलेट्स १४ हजार. आकडे प्रत्येकाचे वेगळे, पण तऱ्हा पुष्कळदा अशीच. तो कागद पाहून नातेवाईक एक प्रश्न हमखास विचारतात: पांढऱ्या पेशी तर जंतूंशी लढतात ना, मग त्या इतक्या वाढलेल्या असताना ताप का उतरत नाही?

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर नीट उमगलं की पुढच्या महिनाभरात रुग्णालयात जे जे घडतं ते समजायला लागतं. रोज रक्त का काढतात, साध्या तापाला इतकं का घाबरतात, प्लेटलेट्स देणारा माणूस रात्री दहा वाजता का शोधावा लागतो, हे सगळं त्या उत्तरातच आहे. मशीननं मोजलेल्या त्या ८२ हजारांतल्या बहुतेक पेशी पांढरी पेशी होण्याच्या वाटेवरच अडकलेल्या आहेत. त्यांना जंतू गिळता येत नाहीत, मारता येत नाहीत. खऱ्या, लढणाऱ्या पेशी त्यांत मोजून काहीशे असतील, किंवा तेवढ्याही नसतील. काही रुग्णांत तर एकूण पांढऱ्या पेशीही कमीच असतात, कारण अडकलेल्या पेशी हाडाबाहेर पडलेल्याच नसतात. आजार तोच असतो.

हे समजायला निरोगी माणसात रक्त कसं बनतं ते आधी पाहू.

प्रौढ माणसाचं रक्त ठरावीक हाडांच्या आत तयार होतं: कमरेचं हाड, छातीचं मधलं हाड, बरगड्या, मणके, कवटी, आणि मांडीच्या व दंडाच्या हाडांची वरची टोकं. या हाडांच्या पोकळीत लालसर, मऊ अस्थिमज्जा असते. लहान मुलांत ती जवळजवळ सगळ्याच हाडांत असते. या मज्जेतून रोज सुमारे २०० अब्ज तांबड्या पेशी, १०० अब्जांच्या आसपास प्लेटलेट्स आणि जवळपास तितक्याच न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंवर पहिल्यांदा धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी, बाहेर पडतात. तांबड्या पेशींचाच हिशेब केला तर सेकंदाला वीस लाखांहून अधिक. आपण झोपलेले असतानाही.

या सगळ्यांचा उगम थोड्याशा मूलपेशींत असतो. हे प्रयोगानं दाखवून दिलं टोरांटोच्या जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅक्‌कलक या जोडीनं. १९६१मध्ये त्यांनी किरणोत्सर्गानं मज्जा नष्ट केलेल्या उंदरांना दुसऱ्या उंदरांची मज्जा टोचली, तेव्हा दहाएक दिवसांनी त्या उंदरांच्या प्लीहेवर बारीक गाठी उमटल्या. पुढे कळलं की एकेक गाठ एकेका पेशीपासून वाढलेली आहे, आणि त्या एकाच पेशीच्या वंशात तांबड्या पेशीही आहेत, पांढऱ्याही आहेत आणि प्लेटलेट्स घडवणाऱ्याही. प्रौढ माणसात अशा कार्यरत मूलपेशी साधारण पन्नास हजार ते दोन लाख असाव्यात असा सध्याचा अंदाज आहे. रोजचं अब्जावधींचं उत्पादन पाहिलं तर ही संख्या फारच लहान वाटते. शिवाय या मूलपेशी स्वतः क्वचित विभागतात, वर्षातून एखाद-दोनदा. एरवी त्या जवळजवळ निद्रिस्त असतात. या निद्रेचं महत्त्व पुढे, औषधांच्या संदर्भात, फार मोठं आहे.

मूलपेशी विभागली की तिच्या काही लेकी मार्गाला लागतात. तांबड्या पेशीच्या मार्गावरची पहिली ओळखू येणारी पेशी मोठी असते, तिचं केंद्रक मोठं आणि रंग गडद निळसर. ती चार-पाच वेळा विभागते. प्रत्येक विभाजनानंतर लेकी लहान होत जातात आणि त्यांच्यात हिमोग्लोबिन भरत जातं. आठवडाभरात शेवटची पायरी येते: पेशी आपलं केंद्रकच बाहेर टाकून देते आणि शेजारची मोठी भक्षक पेशी ते गिळून टाकते. उरलेली बिनकेंद्रकाची कोवळी पेशी रक्तात येते आणि एक-दोन दिवसांत पक्व होऊन सुमारे १२० दिवस प्राणवायू वाहत राहते. न्यूट्रोफिलच्या घडणीला दहा ते चौदा दिवस लागतात. आधी त्यात जंतुनाशक रसायनांचे कण भरले जातात, मग गोल केंद्रकाला खाच पडते, मग त्याचे तीन-चार खंड होतात. प्लेटलेट्सची तऱ्हा याहून निराळी. मेगाकॅरिओसाइट नावाची पेशी न विभागता आतल्या आत डीएनए दुप्पट-चौपट करत प्रचंड वाढते, आणि मग तिच्या कडेचे हजारो तुकडे तुटून रक्तात जातात. ते तुकडे म्हणजेच प्लेटलेट्स.

किती बनवायचं याचा हुकूम शरीराच्या इतर भागांतून येतो. प्राणवायू कमी पडला की मूत्रपिंड एरिथ्रोपोएटिन सोडतं. प्लेटलेट्ससाठीचा संदेश बराचसा यकृतातून येतो. जंतुसंसर्ग झाला की न्यूट्रोफिल वाढवणारी संप्रेरकं सुटतात. एखाद्याला न्यूमोनिया झाला की दोन दिवसांत पांढऱ्या पेशी वीस हजारांवर जातात त्या यामुळेच. आणि न्यूमोनिया बरा झाला की त्या खालीही येतात, कारण हुकूम थांबतो आणि आधी आलेल्या पेशी आपलं आयुष्य संपवून मरतात. वाढणं, पक्व होणं, मरणं ही तिन्ही कामं बरोबरीनं चालतात म्हणून आकडे वर्षानुवर्षं जागेवर राहतात.

ल्युकेमियात बिघाड होतो तो मधल्या कामात.

एखाद्या पेशीच्या डीएनएमध्ये, बहुधा अनेक वर्षांच्या अवधीत, एकामागून एक बदल साचतात. त्यातला एखादा बदल पक्व होण्याची वाट बंद करतो आणि दुसरा विभागत राहण्याची मुभा देतो. हे दोन्ही एकाच पेशीत जमलं की तिचा वंश ब्लास्ट या अपक्व अवस्थेत येतो आणि तिथेच थांबतो. अडथळा मायलॉइड वाटेवर, म्हणजे न्यूट्रोफिलसारख्या पेशींच्या घडणीत, असेल तर तो एएमएल (अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया), लिम्फॉइड वाटेवर, म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या घडणीत, असेल तर एएलएल (अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया). एएमएल वाढत्या वयात अधिक, एएलएल लहान मुलांत, विशेषतः दोन ते पाच वर्षांच्या वयात अधिक. निरोगी मज्जेत ब्लास्ट पेशी शंभरात पाचपेक्षा कमी असतात. त्या वीस किंवा जास्त झाल्या की साधारणपणे अक्यूट ल्युकेमिया म्हणतात, आणि काही ठरावीक जनुकीय बदल सापडले तर त्याहून कमी संख्येलाही. ही मोजणी करण्यासाठी कमरेच्या हाडाच्या मागच्या कडेत सुई घालून मज्जा काढतात. पॅथॉलॉजिस्ट ती काचपट्टीवर पसरून, रंगवून, पाचशे पेशी एकेक करून मोजतात. जनुकांच्या आणि फ्लो सायटोमेट्रीच्या तपासण्या आता त्याच्या जोडीला आल्या आहेत, तरी सूक्ष्मदर्शकावर बसलेल्या माणसाच्या नजरेचं मोल मला आजही मोठं वाटतं. संशयाची पहिली खूण बहुतेकदा तिथेच दिसते.

ब्लास्ट पेशी बेफाम वेगानं वाढतात असा सार्वत्रिक समज आहे. तो खरा नाही. १९५०च्या दशकाच्या अखेरीस आणि साठच्या दशकात किरणोत्सर्गी थायमिडीन वापरून पेशींच्या विभाजनाचा वेग मोजला गेला. थायमिडीन हा डीएनएचा एक घटक. ज्या पेशी विभागायच्या तयारीत असतात त्या तो उचलतात, म्हणून त्या ओळखता येतात. निष्कर्ष अनपेक्षित होता: ल्युकेमियाच्या ब्लास्ट पेशी मज्जेतल्या निरोगी तरुण पेशींपेक्षा सरासरीनं सावकाश विभागत होत्या. मग त्या साचतात कशा? शाळेत पहिलीत दरवर्षी मोजकीच मुलं दाखल झाली, पण एकही दुसरीत गेलं नाही, तर काही वर्षांत पहिलीच्या वर्गात पाय ठेवायला जागा उरणार नाही. तसंच इथे होतं. निरोगी पेशी भराभर विभागते, पण पक्व होते, कामाला लागते, मरते. ब्लास्ट पक्व होत नाही, म्हणून ठरल्या वेळी मरतही नाही. निदानाच्या वेळी प्रौढ रुग्णाच्या अंगात अशा पेशी एक लाख कोटीच्या घरात असू शकतात.

आता त्या सीबीसीकडे परत पाहू. रुग्णाला त्रास होतो तो मुख्यतः न बनलेल्या रक्ताचा, आणि कोणतं रक्त किती लवकर आटेल हे त्या त्या पेशीच्या आयुष्यावर ठरतं. मज्जा आज पूर्ण थांबली असं समजा. तांबड्या पेशींचा रोज १२०वा हिस्सा संपेल. म्हणजे हिमोग्लोबिन १२ असेल तर रोज ०.१नं उतरेल, दहा दिवसांत एक ग्रॅम. माणूस दमेल, जिना चढताना धाप लागेल, पण त्याला काही आठवडे लागतील. प्लेटलेट्सचं आयुष्य आठ-दहा दिवसांचं. अडीच लाखांवरून त्या रोज पंचवीस-तीस हजारांनी घटतील आणि आठवडाभरात धोक्याच्या पातळीला येतील: हिरड्यांतून रक्त, पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, न थांबणारा घोळणा. न्यूट्रोफिल तर रक्तात तास मोजून राहतात. मज्जेत त्यांचा काही दिवसांचा साठा असतो, तो संपला की संपलं. म्हणून आजार फार वेगानं चढतो तेव्हा हिमोग्लोबिन बरं असतानाही ताप आणि रक्तस्राव दिसू शकतो. फक्त थकवा पाहून महिनाभर लोहाच्या गोळ्या घेत बसण्यातला धोका हाच आहे. थकव्याबरोबर अंगावर लाल-निळे डाग किंवा हटून बसलेला ताप असेल, तर सीबीसी आणि रक्ताची काचपट्टी त्याच दिवशी तपासून घ्यावी.

पण मज्जेतल्या निरोगी मूलपेशींचं काय होतं? त्या मरतात का? अनेक वर्षं सरळ उत्तर दिलं जाई: ब्लास्टनी जागा अडवली, म्हणून निरोगी पेशींना वाव नाही. गर्दी होते हे खरंच, पण गोष्ट तेवढ्यावर भागत नाही. ज्यांची मज्जा फारशी भरलेली नाही अशा रुग्णांतही रक्त आटलेलं सापडतं. २०१३मध्ये लंडनच्या संशोधकांनी एएमएलच्या रुग्णांच्या मज्जेतल्या निरोगी मूलपेशी वेगळ्या काढून मोजल्या. त्या पुरेशा संख्येनं शिल्लक होत्या. फक्त त्यांच्या लेकी पुढच्या पायरीवर जात नव्हत्या. ब्लास्ट पेशी मज्जेतलं वातावरणच बदलतात, आधार देणाऱ्या पेशींचे संदेश बिघडवतात, आणि निरोगी मूलपेशी गप्प बसतात.

याचा आणखी सुंदर पुरावा त्याआधीच मिळाला होता. सिअ‍ॅटलच्या फिलिप फियाल्को यांनी जी-सिक्स-पीडी या एन्झाइमचा उपयोग करून घेतला. या एन्झाइमचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स असतात, पण त्यातला एकच चालू असतो. ज्या स्त्रियांत या एन्झाइमचे दोन वेगळे प्रकार असतात, त्यांच्या निरोगी रक्तात दोन्ही प्रकारच्या पेशींची सरमिसळ सापडते. फियाल्को यांनी अशा स्त्रियांपैकी ल्युकेमिया झालेल्यांचं रक्त तपासलं. सगळ्या ब्लास्ट एकाच प्रकारच्या निघाल्या, म्हणजे तो सगळा डोंगर एका पेशीच्या वंशातला. उपचारांनंतर रक्त सुधारलं तेव्हा बहुतेकांत दोन्ही प्रकार परत आले. झाकल्या गेलेल्या निरोगी मूलपेशींनी काम हाती घेतलं होतं. काही रुग्णांत मात्र, विशेषतः वयस्करांत, तांबड्या पेशी आणि प्लेटलेट्सही त्याच एका प्रकारच्या होत्या. तिथे बिघाड फार वरच्या पूर्वजात झाला होता, आणि काहींत आजार हटल्यावरही रक्त त्याच वंशाचं राहिलं. २०१४नंतरच्या जनुकीय अभ्यासांनी याचा उलगडा केला: डीएनएमटी३ए, टीईटी२ अशा जनुकांतले पहिले बदल झालेल्या मूलपेशी अजून निरोगी रक्त बनवू शकतात, औषधांतून वाचतात आणि पुढे पुन्हा आजार उभा करू शकतात.

रक्ताची घडण अडणं हे दर वेळी कर्करोगामुळेच होतं असं नाही, आणि याची फार मोलाची कथा मुंबईत घडलेली आहे. १९२८मध्ये ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या आणि हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये गर्भवतींच्या पंडुरोगावर काम करू लागल्या. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरीब स्त्रियांमध्ये हा पंडुरोग फार होता आणि तो लोहानं हटत नव्हता. त्यांच्या तांबड्या पेशी संख्येनं कमी, पण आकारानं मोठ्या, अर्धवट घडलेल्या होत्या. विल्स यांनी आहार तपासला, माकडांवर प्रयोग केले आणि शेवटी मार्माइट हा यीस्टचा स्वस्त अर्क देऊन पाहिला. काही दिवसांतच कोवळ्या तांबड्या पेशी रक्तात झपाट्यानं वाढल्या. १९३१मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. यीस्टमधला तो घटक पुढे फॉलिक अ‍ॅसिड म्हणून ओळखला गेला. डीएनएचा एक घटक बनवायला ते लागतं, आणि मज्जेइतकं डीएनए शरीरात फार थोड्या ठिकाणी बनतं. म्हणून त्याचा तुटवडा सगळ्यात आधी मज्जेला जाणवतो.

हे पाहून बोस्टनचे सिडनी फार्बर यांनी १९४०च्या दशकात ल्युकेमिया झालेल्या मुलांना फॉलिक अ‍ॅसिडशी नातं असलेली द्रव्यं देऊन पाहिली. आजार हटण्याऐवजी बळावतो आहे असं त्यांना वाटलं. मग त्यांनी उलटी वाट धरली: फॉलिक अ‍ॅसिडचं काम अडवणारं द्रव्य द्यायचं. ते अमिनोप्टेरिन लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झालं होतं, आणि तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातून अमेरिकेत गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव. जून १९४८मध्ये फार्बर यांनी सोळा मुलांचा वृत्तांत छापला. दहा मुलांत आजार काही काळ हटला होता. काही आठवडे, काही महिने. पण त्याआधी औषधानं इतकंही कधी झालं नव्हतं. अमिनोप्टेरिनचं भावंड मेथोट्रेक्सेट आजही एएलएलच्या मुलांना दिलं जातं.

मुंबईतल्या त्या स्त्रियांची मज्जा कच्च्या मालाअभावी अडली होती, माल मिळताच सुटली. ल्युकेमियात कच्च्या मालाची ददात नसते. हा फरक घराघरात पोचायला हवा असं मला मनापासून वाटतं. प्लेटलेट्ससाठी पपईच्या पानांचा रस, हिमोग्लोबिनसाठी बीट आणि डाळिंब, कुणीतरी सुचवलेलं टॉनिक, हे सगळं प्रेमापोटी येतं. पण अडथळा पेशीच्या जनुकांत आहे, तो आहारानं निघत नाही. न्यूट्रोफिल घटलेल्या काळात कच्चा रस जंतूंची भर घालू शकतो, आणि मेथोट्रेक्सेट चालू असताना स्वतःच्या मनानं घेतलेली फॉलिक अ‍ॅसिडची गोळी औषधाच्याच कामात आडवी येऊ शकते. उलट बाजूही सांगायला हवी. बी-१२चा तीव्र तुटवडा मज्जेचं चित्र इतकं विस्कटतो की ते ल्युकेमियासारखं भासू शकतं. आपल्याकडे हा तुटवडा किती आहे हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनानं दाखवून दिलं आहे. म्हणून बी-१२ तपासल्याशिवाय घाईनं निदानाचा शिक्का मारू नये हा दंडक मोलाचा आहे.

आता उपचार. एएमएलमध्ये १९७०च्या दशकापासून चालत आलेली पद्धत म्हणजे सात दिवस सायटाराबिन आणि त्यांतल्या पहिल्या तीन दिवसांत डॉनोरुबिसिन. ही औषधं प्रामुख्यानं विभागणाऱ्या पेशींना मारतात. त्यात ब्लास्ट मरतात तशा निरोगी तरुण पेशीही मरतात. दोन आठवड्यांच्या सुमारास मज्जा तपासली तर ती जवळजवळ ओसाड असते, आणि डॉक्टरांना तेच हवं असतं. निद्रिस्त मूलपेशी विभागतच नव्हत्या, म्हणून त्या वाचतात. दडपण गेलं की त्या जाग्या होतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आधी मोनोसाइट या पांढऱ्या पेशी दिसतात, मग न्यूट्रोफिल आणि प्लेटलेट्स वर येतात. ब्लास्ट पाच टक्क्यांच्या खाली, न्यूट्रोफिल हजारावर, प्लेटलेट्स लाखावर आणि बाहेरच्या रक्ताची गरज नाही, अशी स्थिती आली की तिला पूर्ण रेमिशन म्हणतात. दुर्दैवानं ल्युकेमियाच्याही काही पेशी निद्रिस्त असतात आणि त्याच युक्तीनं वाचतात. रेमिशननंतरही औषधांचे फेरे चालू ठेवावे लागतात, किंवा दुसऱ्याची मज्जा घ्यावी लागते, ते याचसाठी.

एएलएलमध्ये औषधांची निवड मज्जेला थोडी सवलत देणारी आहे. ॲस्परॅजिनेज रक्तातलं ॲस्परॅजिन तोडून टाकतं. लिम्फॉइड ब्लास्टना ते स्वतः पुरेसं बनवता येत नाही, निरोगी मज्जेला येतं. व्हिन्क्रिस्टिन आणि स्टेरॉइडही मज्जेला तुलनेनं कमी दुखावतात. पुढे सुमारे दोन वर्षं मर्कॅप्टोप्युरिन आणि मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या चालतात, आणि त्यांचं प्रमाण सीबीसी पाहून कमी-जास्त करावं लागतं. एनयूडीटी१५ या जनुकाचा एक बदल भारतीयांत आणि पूर्व आशियातल्या लोकांत अधिक आढळतो. तो असलेल्या मुलांची मज्जा नेहमीच्या मात्रेनंही एकदम बसते. अशा मुलाचे काउंट घसरले तर आईबापांनी काही चुकवलं असं नसतं.

अडलेली पेशी न मारता पक्व करता येईल का? हे ज्या एका ल्युकेमियात साधलं तो म्हणजे एपीएल, एएमएलचाच एक प्रकार. यात १५ आणि १७ क्रमांकांच्या गुणसूत्रांची अदलाबदल होऊन एक विचित्र प्रथिन तयार होतं आणि पेशी प्रोमायलोसाइट या पायरीवर अडते. रक्त गोठण्याची यंत्रणाही कोलमडते, म्हणून एके काळी हा सर्वांत वेगानं जीव घेणारा ल्युकेमिया होता. १९८५मध्ये शांघायचे वांग चेन-यी यांनी एका पाच वर्षांच्या मुलीला एट्रा, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं औषध दिलं. मुलगी सुधारली. १९८८मध्ये चोवीस रुग्णांचा वृत्तांत जगापुढे आला. औषधानं पेशी मेल्या नव्हत्या, पुढच्या पायऱ्या चढून न्यूट्रोफिल झाल्या होत्या आणि मग रीतसर मेल्या होत्या. हार्बिनच्या डॉक्टरांनी आणलेलं आर्सेनिक ट्रायऑक्साइड त्याच विचित्र प्रथिनाचा नाश करतं. केवळ आर्सेनिकवर रुग्ण बरे करण्याचा अनुभव वेल्लोरच्या सीएमसीनं २००६मध्ये मांडला, आणि खर्चाचा विचार करता तो आपल्या देशाला फार उपयोगी ठरला. आज एट्रा आणि आर्सेनिक वेळेवर मिळालेले बहुतेक रुग्ण बरे होतात. इतर एएमएलमध्येही, आयडीएच२ सारख्या ठरावीक बदलांवर, पेशीला पक्व करणाऱ्या गोळ्या २०१७पासून येऊ लागल्या आहेत, पण एपीएलइतकं निर्णायक यश अजून तिथे नाही.

मज्जा-रोपणात तर रक्त बनवणारी पेढीच बदलते. भारतातलं पहिलं असं रोपण १९८३मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलं. दात्याच्या मूलपेशी शिरेतून चढवतात. त्या रक्तातून फिरत आपोआप हाडांत जाऊन बसतात, आणि दोन-तीन आठवड्यांत नवे न्यूट्रोफिल दिसू लागतात. दात्याचा रक्तगट वेगळा असेल तर रुग्णाचाही रक्तगट काही महिन्यांत बदलतो, कारण जुन्या तांबड्या पेशी आपलं आयुष्य पुरं करून जातात आणि नव्या दात्याच्या असतात. सख्खं भावंड पुढे दाता होण्याची शक्यता असेल तर आधी त्याचं रक्त किंवा प्लेटलेट्स रुग्णाला देऊ नयेत. रुग्णाचं शरीर त्याच्याविरुद्ध सजग होऊन बसू शकतं. पहिल्याच दिवशी भाऊ हात पुढे करतो, तेव्हा ही गोष्ट त्याला कुणीतरी सांगायला हवी.

मज्जा ओसाड असलेले ते तीन-चार आठवडे मात्र उसन्या रक्तावर काढावे लागतात. तांबडं रक्त थंड ठेवलं तर पाच-सहा आठवडे टिकतं, म्हणून ते बहुधा मिळतं. न्यूट्रोफिल तासांपुरतेच जगतात, ते देणं जवळजवळ अशक्य, म्हणून १००.४ फॅरनहाइट ताप आला की तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू करावं लागतं. घरी असताना असा ताप आला तर सकाळची वाट पाहू नये, लगेच निघावं. प्लेटलेट्सची अडचण सगळ्यात बिकट: त्या २० ते २४ अंश सेल्सिअस तापमानात, सतत हलवत ठेवाव्या लागतात आणि पाचच दिवस टिकतात. रुग्णाच्या प्लेटलेट्स दहा हजारांच्या खाली गेल्या की रक्तस्राव नसला तरी द्याव्या लागतात, ताप असेल तर त्याहीआधी. एका दात्याकडून मशीननं घेतलेली एसडीपीची एक पिशवी प्रौढ रुग्णाचा आकडा तीस ते पन्नास हजारांनी वाढवते, आणि तीन-चार दिवसांत तो पुन्हा उतरतो. एका रुग्णाला एका फेरीत अशा कितीतरी पिशव्या लागतात.

तुमचं वय अठरा ते साठच्या दरम्यान असेल, वजन पन्नास किलोंच्या वर असेल, प्रकृती ठणठणीत असेल, तर जवळच्या रक्तकेंद्रात जाऊन प्लेटलेटदाता म्हणून नाव, रक्तगट आणि फोन नंबर नोंदवून या. प्लेटलेट्स द्यायला एक-दोन तास लागतात. तांबड्या पेशी तुम्हाला परत मिळतात, आणि दिलेल्या प्लेटलेट्स काही दिवसांत भरून निघतात. आधीचे तीन दिवस ॲस्पिरिन घेऊ नका. बोलावणं आलं की त्याच दिवशी जा.